लाल मातीवरचा ठसा: फ्रेंच ओपन, पंच आणि यंत्र

बेसलाइनवाला | सोम, ०९/०६/२०२५ - २२:१४

काल संध्याकाळी साडेसहाला फ्रेंच ओपनची पुरुषांची फायनल (सिनर विरुद्ध अल्कराझ) बघायला टीव्हीसमोर बसलो तेव्हा घरी सांगितलं होतं, नऊला जेवायला येतो. सिनरने पहिले दोन सेट घेतले तेव्हा वाटलं, नऊच्या आधीच मोकळा होईन. मग आमटी दोनदा गरम झाली आणि शेवटी ताट मांडीवर आलं. चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ पुढे, अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४०. विजेतेपदाला एक पॉइंट हवा आणि तो मिळवायला तीन संधी. बायको म्हणाली, "संपलं ना?" मीही म्हटलं, संपलं. संपायला मध्यरात्र उलटली. ५ तास २९ मिनिटं, फ्रेंच ओपनची आजवरची सगळ्यात लांबलेली फायनल. आणि एकूण पॉइंट मोजले तर हरलेल्या सिनरचे १९३, जिंकलेल्या अल्कराझचे १९२!

पण धागा त्या सामन्याचा नाही, त्यावर इथे आधीच हाणामारी चालू आहे. दोन आठवडे सामने बघताना माझं लक्ष भलतीकडेच जात होतं. बॉल रेषेजवळ पडतो, लाइनवरचा पंच "आउट" ओरडतो, खेळाडू रॅकेटने जमिनीकडे बोट दाखवतो, आणि चेअर अंपायर त्या उंच खुर्चीवरून उतरून लगबगीने रेषेपाशी जातो. वाकतो. मातीतली एक खूण बोटाने दाखवतो. परत जाऊन खुर्चीवर चढतो. या सगळ्यात अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्या वेळात १५ हजार लोक एका माणसाच्या तर्जनीकडे बघत बसतात.

हे दृश्य आता जवळजवळ फक्त पॅरिसमध्ये उरलंय. ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपनने माणसं काढून यंत्रं लावली त्याला काही वर्षं झाली, विम्बल्डनही या वर्षीपासून लाइनवरच्या पंचांना निरोप देतंय. पुरुषांच्या एटीपी टूरवर तर या वर्षी मातीच्या स्पर्धांतसुद्धा यंत्रच निकाल देतं. चार ग्रँड स्लॅमपैकी (टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) रोलाँ गारोस, म्हणजे फ्रेंच ओपन, तेवढं अडून बसलंय.

ज्यांना कोर्टाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही "लाल माती" म्हणजे माती नव्हेच. खाली दगड, त्यावर खडी, त्यावर भट्टीतल्या जळक्या कोळशाची खर, मग पांढऱ्या चुनखडीचा दाबून बसवलेला थर, आणि सगळ्यात वर विटांची भुकटी. ती भुकटी जेमतेम एक-दोन मिलिमीटर! सगळं खोदकाम सुमारे ८० सेंटीमीटरचं, पण आपल्याला दिसतो तो रंग त्या शेवटच्या चिमूटभर थराचा. खेळाडू घसरत जातो तो त्याच थरावर, आणि बॉलचा ठसा उमटतो तोही त्यातच. सांगतात की १८८० च्या दशकात विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे जुळे इंग्लिश भाऊ कान शहरात टेनिस शिकवत होते. तिथल्या उन्हात गवत करपायला लागलं, तेव्हा त्यांनी जवळच्या गावातल्या फुटक्या मडक्यांची पूड करून कोर्टावर पसरली. म्हणजे मूळ कुंभाराचं.

ठशाचे नियमही मजेदार आहेत. खेळाडूने तिथल्या तिथे थांबून मागणी करायची, रॅली खेळून पॉइंट गेल्यावर रडायचं नाही. पंचाला ठसा सापडलाच नाही तर आधीचा निकाल कायम. आणि स्वतःच्या बुटाने ठसा पुसलात तर तक्रारीचा हक्क गेला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठसा बघायला जाळीच्या पलीकडे जायचं नाही.

या शेवटच्या नियमाने एक फायनल फिरवली. १९९९, मार्टिना हिंगिस विरुद्ध स्टेफी ग्राफ. हिंगिस १८ वर्षांची, जगात पहिली, आणि बाकी तिन्ही ग्रँड स्लॅम खिशात. पहिला सेट जिंकून दुसऱ्यात २-० पुढे. तिचा एक फटका आउट दिला. तिला पटेना. ती तरातरा जाळी ओलांडून ग्राफच्या बाजूला गेली आणि ठसा दाखवायला लागली. नियमभंगाची एक ताकीद आधीच मिळालेली होती, त्यामुळे या वेळी थेट पॉइंट कापला. प्रेक्षक जे बिथरले ते शेवटपर्यंत. तरी ती दुसऱ्या सेटमध्ये ५-४ वर सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होती, पण तिथून घसरण लागली. तिसऱ्या सेटमध्ये पराभव समोर दिसत असताना हात खाली ठेवून सर्व्हिस केली, पुन्हा हुर्यो. ग्राफ ४-६, ७-५, ६-२. हिंगिस रडत आत निघून गेली, बक्षीस समारंभाला आईने हाताला धरून परत आणली. ग्राफचं ते बाविसावं आणि शेवटचं ग्रँड स्लॅम. हिंगिसला एकेरीत पॅरिस कधीच मिळालं नाही.

मी तेव्हा दहावीत होतो आणि ग्राफचा भक्त, त्यामुळे मनापासून ओरडलो होतो. आता ती क्लिप बघवत नाही. १८ वर्षांची पोर ठसा दाखवतेय आणि सगळं स्टेडियम तिच्यावर शिट्ट्या मारतंय.

तर प्रश्न असा: पॅरिसने हे चालू ठेवावं की यंत्र आणावं? माझं मत चालू ठेवावं, पण कारण "परंपरा" हे नाही. कारण नंतर सांगतो, आधी तुमचं ऐकू दे.

तर्रीदार | सोम, ०९/०६/२०२५ - २२:२१

पहिला! जागा धरून ठेवतो, वाचून सविस्तर लिहितो.

निवांतकासव | सोम, ०९/०६/२०२५ - २३:०२

लेख आवडला. मत अजिबात नाही.

हिंगिसची गोष्ट तुम्ही सांगितलीत ती तुमच्याच विरोधात जाते. यंत्र असतं तर दोन सेकंदांत निकाल लागला असता, पोरगी जाळीपलीकडे गेलीच नसती. माणूस चुकतो, थकतो, प्रेक्षकांना घाबरतो. यंत्राला यातलं काही नाही. आणि टीव्हीवर आपल्याला बॉल कुठे पडला ते कॉम्प्युटर दाखवतोच. म्हणजे घरी बसलेल्या माणसाला निकाल दिसतो, पण कोर्टावरच्या पंचाला तो बघायची परवानगी नाही. हा कुठला न्याय?

बेसलाइनवाला | सोम, ०९/०६/२०२५ - २३:१९

@निवांतकासव, याच एप्रिलमध्ये माद्रिदला काय झालं आठवतंय का? झ्वेरेव विरुद्ध डाव्हिडोविच फोकिना. यंत्राने बॉल "इन" दिला, झ्वेरेवला ठसा रेषेबाहेर दिसत होता. पंच उतरायला तयार नाही, कारण नियमानं यंत्राचा शब्द अंतिम. मग या बाबाने बॅगेतून मोबाइल काढला आणि ठशाचा फोटो घेतला. त्याबद्दल ताकीद! त्याच महिन्यात स्टुटगार्टला सबालेन्कानेही हेच केलं, तिलाही ताकीद.

म्हणजे यंत्र आल्यावर वाद मिटला नाही, फक्त वाद घालायला समोर कुणी उरलं नाही.

निवांतकासव | सोम, ०९/०६/२०२५ - २३:२६

वाक्य टाळ्यांचं आहे, पण झ्वेरेवचा ठसा खरा होता हे कशावरून?

भौतिकवेडा | मंगळ, १०/०६/२०२५ - ०८:४०

हाच मुद्दा. दोन्ही बाजू गृहीत धरतायत की ठसा म्हणजे बॉल टेकल्याची झेरॉक्स. तसं नसतं.

बॉल सरळ वरून पडत नाही, तिरका येतो. टेकला की चपटा होतो, आणि चपटा असतानाच काही अंतर घसरत पुढे जातो. म्हणून ठसा गोल नसून लांबट दिसतो. आता भुकटीचा थर एक-दोन मिलिमीटर, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या) मागे खेळाडू सतत घसरून तिथली पूड उडालेली असते. तिथे बॉल टेकला तरी ठसा पुसट पडतो. जिथे पूड साचलीय तिथे बॉल ती ढकलत नेतो, आणि ठसा खऱ्या स्पर्शापेक्षा मोठा दिसतो. वर रेषा रंगवलेली, कडक. अर्धा बॉल रेषेवर आणि अर्धा पुडीवर पडला तर ठसा फक्त पुडीतल्या भागाचा.

यंत्राकडे या. कॅमेरे बॉलचा मार्ग टिपतात आणि तो जमिनीला कुठे टेकला असेल याचं गणित करतात. त्यात काही मिलिमीटरची चूक गृहीतच असते. हार्ड कोर्टावर (सिमेंटसारख्या कडक कोर्टावर) जमीन हलत नाही. मातीवर दोन सेटच्या मध्ये पूड सारखी करायला जमिनीवरून चटईसारखी जाळी ओढतात, ब्रशने रेषा झाडतात, गरज पडली तर पाणी मारतात. पृष्ठभाग दिवसभर बदलत राहतो. गणितात जमीन जिथे मानलीय तिथे ती खरोखर आहे का, हा प्रश्न हार्ड कोर्टापेक्षा इथे जास्त येतो.

म्हणून ठसा आणि यंत्र यांचं पटलं नाही तर कुणी एक खोटारडा असलाच पाहिजे असं नाही. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

अवांतर: माती "स्लो" का? घर्षण जास्त, त्यामुळे बॉलचा पुढचा वेग मरतो आणि उसळी वाढते. गवतावर हातातून निसटणारा फटका इथे अर्धा सेकंद जास्त देतो असं नाही, पण जेवढा देतो तेवढ्यात अल्कराझ दोन पावलं जास्त पळतो. सॅम्प्रसला सात विम्बल्डन मिळाली आणि पॅरिसला एकदाही फायनल दिसली नाही, ती या दोन पावलांमुळे.

आगाऊकार्टं | मंगळ, १०/०६/२०२५ - ०९:०५

लाल माती म्हणजे आमचीच की! कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत फ्रेंच ओपन भरवा, बघू अल्कराझ किती घसरतो ते.

रंकाळाकाठ | मंगळ, १०/०६/२०२५ - ०९:३१

@आगाऊकार्टं, तालमीच्या हौद्यातल्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद कालवलेली असते, रोज खोऱ्याने उकरतात. पडणाऱ्याला लागू नये म्हणून ती मऊ. बॉल टाकलास तर तिथेच मुक्काम करील. हे पॅरिसचं म्हणजे वर पावडर, खाली दगड. बिलकूल उलटं. बाकी येत जा तालमीला, पोट सुटलंय म्हणे.

आगाऊकार्टं | मंगळ, १०/०६/२०२५ - ०९:३३

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). माघार.

खडीसाखर | मंगळ, १०/०६/२०२५ - १३:१८

मी पॅरिसच्या उपनगरात राहते, या वर्षी पहिल्या आठवड्यात एक दिवस जाऊन आले. मोठ्या कोर्टाचं तिकीट माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून बाहेरच्या कोर्टांचं घेतलं. तेच बरं, असं आता म्हणेन.

फिलिप शात्रिए या मुख्य कोर्टावर तुम्हाला खेळाडू दिसतात, लहान कोर्टावर ऐकू येतात. घसरतानाचा तो आवाज टीव्हीवर नीट येतच नाही. ओल्या पोत्यावरून खुरपं ओढल्यासारखा. आणि पॉइंट संपला की रॅकेटने बुटाच्या तळाला मारल्याची टकटक.

सिमोन माथ्यू कोर्ट तर वेगळंच प्रकरण आहे. ते वनस्पती उद्यानात आहे, जमिनीत उतरवलेलं, पाच हजार खुर्च्यांचं, आणि चारही बाजूंनी काचेची हरितगृहं. २०१९ ला सुरू झालं. बागेत घुसखोरी नको म्हणून आधी बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली होती (हे दुसरं कोर्ट). सामना कंटाळवाणा झाला तर केळीची पानं बघत बसायची.

मी बसले होते तिथे एकदा पंच उतरले. त्यांनी ठसा दाखवला, खेळाडूने मान हलवली, आणि मग प्रतिस्पर्धी स्वतः पुढे आला. आपल्याच बाजूचा ठसा बघून "हो, इन आहे" म्हणाला आणि पॉइंट देऊन टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे यंत्र असतं तर झालं नसतं, इतकंच नोंदवते. शात्रिएवर अल्कराझनेही शेल्टनविरुद्ध असंच केलं. फटका लागला तेव्हा रॅकेट हातातून सुटलेली होती, हे कुणाला कळलं नव्हतं, त्याने स्वतःच सांगितलं.

प्रेक्षकांचं गोडवे गाणार नाही मात्र. इथले लोक नाटकाला गेल्यासारखे टेनिसला जातात आणि नट आवडला नाही तर तसं सांगतात. गेल्या वर्षी गोफां या खेळाडूने तक्रार केली की कुणीतरी त्याच्या दिशेने च्युइंगगम थुंकलं. त्यानंतर स्टँडमध्ये दारू बंद झाली. यंदा लोईस ब्वासों या फ्रेंच मुलीच्या वेळी जो काय गोंगाट झाला! क्रमवारीत ३६१ वी, वाइल्ड कार्डवर (संयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) आलेली, आणि पेगुला, अँड्रीव्हा यांना हरवून थेट सेमीफायनल. फ्रेंचांचा पुरुष विजेता १९८३ चा यानिक नोआ, महिला २००० ची मारी पिअर्स. तेव्हापासून उपास चालू आहे, त्यामुळे त्यांना माफ केलं.

आणि हो, इथे या कोर्टाला "तेर बात्यू" म्हणतात. शब्दशः "चोपलेली जमीन". आजीच्या घरी अंगण चोपायला चोपणं असायचं, तेच आठवलं.

जुनाजिमखाना | मंगळ, १०/०६/२०२५ - १६:४७

छान चाललाय धागा. वय वर्षं ७१, गुडघे गेले, नाहीतर अजून खेळलो असतो.

आमच्या वेळी पुण्यात क्लबच्या कोर्टांवर मुरूम आणि लाल माती. दुपारी माळी पाणी मारायचा, मग दोघं मिळून रोलर ओढायचे, मग फक्कीच्या रेषा. चार वाजता पहिला डबल्स सेट आणि सहापर्यंत फक्की बुटांना लागून निम्मी रेषा गायब. त्यानंतर सगळा कारभार विश्वासावर. बॉल रेषेवर पडला की फक्कीचा धुरळा उडायचा, तो उडाला तर इन. पावसाळ्यानंतर कोर्ट नव्याने करावं लागे, दिवाळीपर्यंत खेळ बंद.

ठशावरून भांडणं तर रोजची. आमच्या चौकडीत एक वकील होते. बॉल पडला रे पडला की हे चालत चालत तिकडे जायचे आणि "कुठेय, कुठेय" करत बरोबर ठशावर उभे राहायचे. मग ठसा त्यांच्या बुटाचा! क्लबचा मार्कर (सभासदांबरोबर खेळणारा पगारी माणूस) बिचारा आमच्या पोरांना शिकवायचा, तो सगळं बघायचा आणि काही बोलायचा नाही. एकदा मी त्याला विचारलं, खरं सांग, इन होता की आउट? म्हणाला, साहेब, तुमचे दोघांचे चेहरे बघितले तेव्हाच कळलं, माती कशाला बघू.

१९९९ ची हिंगिसची फायनल आम्ही क्लबात बसून पाहिली. वकीलसाहेब म्हणाले, पोरगी बरोबर आहे, पण पद्धत चुकली. त्यांच्या तोंडून हे ऐकून सगळे हसलो.

तर्रीदार | मंगळ, १०/०६/२०२५ - १७:१०

काका, दंडवत. तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

सर्व्हअँडवॉली | मंगळ, १०/०६/२०२५ - २१:५५

किरकोळ भर. बऱ्याच जणांना वाटतं रोलाँ गारोस हा जुना टेनिसपटू. तो वैमानिक. २३ सप्टेंबर १९१३ ला भूमध्य समुद्र न थांबता विमानाने ओलांडणारा पहिला. फ्रेज्यूसहून निघाला, ट्युनिशियातल्या बिझर्टला उतरला. पहिल्या महायुद्धात ५ ऑक्टोबर १९१८ ला मारला गेला, तिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

१९२७ मध्ये फ्रान्सच्या चौघांनी (लाकोस्त, कोशे, बोरोत्रा, ब्रुन्यों) फिलाडेल्फियात जाऊन अमेरिकेकडून डेव्हिस कप (देशादेशांतली टेनिस स्पर्धा) आणला. १९२८ ला तो राखायचा तर घरी स्टेडियम हवं. गारोसच्या एका कॉलेजमित्राच्या हातात तेव्हा स्टाद फ्रान्से क्लबचा कारभार होता. त्यानं जागा देताना अट घातली की नाव माझ्या मित्राचं. पुरुषांचा चषक त्या चौघांच्या नावाने, "मस्केटिअर्स कप". लाकोस्तची मगर तुमच्यापैकी कित्येकांच्या टीशर्टवर असेल (असली-नकली विचारत नाही).

मीराबाग | बुध, ११/०६/२०२५ - ००:३२

ठसे झाले, पंच झाले, पण रात्रीच्या सत्राबद्दल कुणी बोलत नाही. यंदाही रात्री एकही महिला सामना नाही. खेळाडू ओन्स जाबूर जाहीर बोलली, संयोजकांचं ठरलेलं उत्तर: रात्री एकच सामना असतो, बायकांचा तीन सेटचा लवकर संपला तर तिकीटवाल्यांचं काय. मग दोन ठेवा! की एका तासात फडशा पाडणाऱ्या पुरुषांचे सामने मोजले नाहीत? स्पर्धेची संचालक स्वतः एकेकाळची खेळाडू अमेली मोरेस्मो, त्यामुळे जास्त लागतं.

निवांतकासव | बुध, ११/०६/२०२५ - ०७:५०

@मीराबाग सहमत. पण आपल्याकडे ते सत्र रात्री पावणेबाराला सुरू होतं, त्यामुळे माझ्या झोपेचा या धोरणाला पाठिंबा आहे. (गंमत. हाणू नका.)

शिवाजीपार्ककट्टा | बुध, ११/०६/२०२५ - ११:०६

हिंगिस रडली ती १९९९ ची स्पर्धा आपल्यासाठी मात्र सणाची होती हे कुणीच लिहिलं नाही? त्याच पंधरवड्यात लिएंडर पेस आणि महेश भूपतीने पुरुष दुहेरी जिंकली, फायनलला इव्हानिसेविच-टॅरँगो. त्या वर्षी ही जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोहोचली होती. २००१ ला पुन्हा पॅरिस. त्याआधी १९९७ मध्ये महेशने रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी घेतली, ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय. मग २०१२ महेश-सानिया, २०१७ बोपण्णा-डाब्रोव्स्की. आपलं ग्रँड स्लॅम खातं या विटांच्या पुडीवरच उघडलंय.

आणि बेसलाइनवाले, तुमच्या हिंगिसचं पुढचं ऐका. २०१६, मिश्र दुहेरी फायनल, पॅरिस. एका बाजूला सानिया आणि डोडिग, दुसऱ्या बाजूला लिएंडर आणि हिंगिस. हिंगिसची जोडी जिंकली, १०-८ च्या सुपर टायब्रेकवर (तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो छोटा निर्णायक डाव). १७ वर्षांनी तेच गाव, आणि या वेळी शिट्ट्या नाहीत.

बेसलाइनवाला | बुध, ११/०६/२०२५ - १३:४४

@शिवाजीपार्ककट्टा, हे कसं सुटलं माझ्याकडून! २०१६ चा सामना पाहिला होता, पण तेव्हा सानियासाठी जीव टाकत होतो, त्यामुळे हिंगिसकडे लक्षच नव्हतं.

घाटमाथा | बुध, ११/०६/२०२५ - १९:२०

फ्रेंच ओपनचा धागा, १६ प्रतिसाद आणि नदालचं नाव नाही? ११२ विजय, ४ पराभव, १४ विजेतेपदं. चार पराभव म्हणजे २००९ ला सोडरलिंग, २०१५ आणि २०२१ ला जोकोविच, २०२४ ला झ्वेरेव. देवळात इतक्या वेळा गेलेला माणूस चार वेळाच प्रसादाविना परतला.

ठशाचाच विषय आहे तर सांगतो. यंदा २५ मे ला शात्रिएवर त्याचा निरोप झाला. हजारो लोक मातीच्या रंगाचे टीशर्ट घालून, फेडरर-जोकोविच-मरे तिघंही हजर. शेवटी जाळीजवळ जमिनीत बसवलेली एक पट्टी उघडली. त्यात त्याच्या बुटाचा ठसा. बाकी सगळे ठसे सेट संपला की जाळी ओढून मिटवतात, हा एकच झाडून पुढे जायचं.

मला मात्र २००९ विसरता येत नाही. सोडरलिंगविरुद्ध तो हरत चालला होता आणि पॅरिस त्याच्या विरोधात ओरडत होतं. चार वर्षं सलग जिंकलेल्या २२ वर्षांच्या मुलाविरुद्ध. तेच पॅरिस नंतर त्याचा पुतळा उभारतं. खडीसाखर ताईंनी लिहिलेलं नाटकवाल्यांचं पटलं.

उसाचारस | बुध, ११/०६/२०२५ - २०:०२

मातीवर मुद्दाम काढलेली खूण विसरलात. २००१, ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन, चौथी फेरी, अमेरिकेचा मायकल रसेल समोर. दोन सेट मागे आणि मॅच पॉइंट वाचवून जिंकला. मग रॅकेटने मातीत भलंमोठं बदाम काढलं आणि त्यात जाऊन आडवा झाला. पुढे स्पर्धाही जिंकला. हार्ड कोर्टावर काढून दाखवा म्हणावं.

निवांतकासव | गुरु, १२/०६/२०२५ - ०९:१५

बदाम वगैरे ठीक, पण धागाकर्त्यांनी "कारण नंतर सांगतो" म्हटलं होतं. तीन दिवस झाले.

बेसलाइनवाला | गुरु, १२/०६/२०२५ - २२:३७

सांगतो. भौतिकवेडा यांनी माझी निम्मी हवा काढली आहे हे आधी कबूल. मी लिहायला बसलो होतो की ठसा म्हणजे पुरावा आणि यंत्र म्हणजे अंदाज. आता तसं म्हणता येत नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही. यंत्राचा निकाल कुठून येतो ते कुणाला दिसत नाही. कोर्टावरच्या पडद्यावर एक चित्र येतं, विषय संपतो. ठसा चुकीचा वाचला गेला तरी तो तिघांच्या समोर जमिनीवर पडलेला असतो: पंच, मी आणि माझा प्रतिस्पर्धी. मला राग आला तर पंचाच्या डोळ्यात बघून येतो. आणि खडीसाखर म्हणतात तसा समोरचा माणूस कधीकधी चांगुलपणा दाखवू शकतो. यंत्राने "आउट" दिल्यावर चांगुलपणाला जागा कुठे ठेवलीय?

पण तुमचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. टीव्हीवर घरच्यांना जे दिसतं ते पंचाला न दाखवणं हा दुटप्पीपणा आहे. एकतर टीव्हीवरचं ते चित्र बंद करा, नाहीतर पंचाला द्या. मी बंद करा म्हणेन. चॅनलवाले ऐकणार नाहीत.

निवांतकासव | गुरु, १२/०६/२०२५ - २२:५८

निम्मा सहमत. उरलेला निम्मा म्हणतो की पराभवामागे १४ कोटींचं बक्षीस अडकलेलं असेल तर चांगुलपणावर विसंबणं मला परवडणार नाही. आकडा ठोकून दिलाय, मुद्दा समजून घ्या.

भौतिकवेडा | गुरु, १२/०६/२०२५ - २३:१०

पंचाला दोन्ही द्या. ठसा बघू दे आणि चित्रही बघू दे. दोन्हींत फरक पडला तर पॉइंट पुन्हा खेळा.

जुनाजिमखाना | शुक्र, १३/०६/२०२५ - ०७:०५

@भौतिकवेडा, वकीलसाहेब दर वेळी हेच सुचवायचे. फक्त ते आउट असले तरच.

अर्धीपोळी | शुक्र, १३/०६/२०२५ - १०:२८

टेनिसमधलं काही कळत नाही, पण माझा मुलगा नुकताच मातीच्या कोर्टावर शिकायला जायला लागलाय आणि पांढरे मोजे रोज केशरी होऊन येतात. दोन जोड्या वाया गेल्या. इथे जाणकार आहेत तर उपाय सांगा. ब्लीच करून बघितलं, उपयोग शून्य, उलट गुलाबी झाले.

खडीसाखर | शुक्र, १३/०६/२०२५ - १४:५०

ब्लीच नको, तो रंग विटेतल्या लोहाचा आहे, ब्लीचला दाद देत नाही. आणि ओले असताना घासू नका, पूड आणखी आत जाते. पूर्ण वाळू द्या, बाल्कनीत जोरजोरात झटका, ब्रश मारा, मग साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर. माझ्या लेकीचे तरी निघतात.

जुनाजिमखाना | शुक्र, १३/०६/२०२५ - १८:३३

आमची आई मला ते मोजे घालून घरात येऊच द्यायची नाही. पायरीवर काढायला लावायची. तोच सगळ्यात खात्रीचा उपाय.